उशिराचा ठोका

प्रिय दादा,

एखाद्या माणसाचा हात मशीनमध्ये उतरवला आणि तो तिथे हुबेहूब वाजू लागला, तर वाजवणारा कोण? तो माणूस, ते मशीन, की उतरवणारी? गेले सहा दिवस हा प्रश्न माझ्या मानगुटीवर बसलाय. घरातली पहिली पदवीधर म्हणून बाबा येईल-जाईल त्याला माझं प्रमाणपत्र दाखवतात. परवा विजेचा मीटर बघायला आलेल्या माणसालाही दाखवलं. तो बिचारा 'छान छान' म्हणाला आणि आकडा लिहायचा विसरून गेला. पण त्या कागदात या प्रश्नाचं उत्तर कुठेच नाही.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू मध्येच विनोद करतोस, मी हसते, आणि सांगायचं ते पोटातच राहतं. शिवाय आई शेजारीच शिलाई मशीनवर बसलेली असते, पाय पेडलवर आणि कान माझ्याकडे. रविवारी तू विचारलंस, 'काय गं भुणभुण, मास्तर काय म्हणतात?' आणि मी म्हणाले, 'काही नाही, सगळं मजेत.' ते खोटं होतं. म्हणून हे पत्र. शेवटपर्यंत वाच, मध्येच चिडून घडी घालून ठेवू नकोस.

सुरुवात माझ्याच शहाणपणाने झाली, हे आधी कबूल करते. स्पीकर गाडीत चढवताना तुझं मनगट मोडलं आणि ऑपरेशनसाठी तुला आत्याच्या गावी, ती काम करते त्या इस्पितळात नेलं, तेव्हा इकडे मास्तरांनी दुसरा ड्रमर शोधायला घेतला होता. मला धडकी भरली. अकरा वर्षं तू त्यांच्या वाद्यवृंदात वाजवतोयस. पण एकदा दुसरं कुणी तुझ्या स्टुलावर बसलं, की ते थोडंच उठणार? मीच मास्तरांकडे गेले. म्हटलं, माणूस घेऊ नका, मी घरी कॉम्प्युटरवर ड्रमचे ट्रॅक करून देते. दादा बरा झाला की बंद करू. माणसाला 'आता ऊठ' म्हणणं जड जातं, मशीनला म्हणायला काय लागतं? तू किती खूश झालास! 'घरातली जागा घरातच राहिली,' म्हणालास.

पहिले पंधरा दिवस मात्र फार वाईट गेले. ते मी तुला कधी सांगितलं नाही. पडद्यावर चौकोनांच्या रांगा असतात. एक रांग तुझ्या पायाच्या किकची, एक डाव्या हाताच्या स्नेअरची, एक हाय-हॅटच्या झांजांची. ज्या चौकोनावर बोट ठेवावं तिथे ठोका पडतो. थोडे चौकोन भरले की उरलेलं गाणं मशीन आपणच ढकलत नेतं. एका दिवसात तीन गाणी झाली आणि तिन्ही मेलेली. ठोके जागच्या जागी, पण गाणं हजेरीपटावर सही करून गप्प बसल्यासारखं. त्याहून वाईट म्हणजे मलाच गाणं नकोसं झालं. उठता-बसता गुणगुणणारी मी, भाजी चिरतानाही तोंडातून सूर निघेना. आईने कपाळाला हात लावून पाहिला. 'ताप नाही. मग गप्प का?'

मग मी एक नियम केला. जो ठोका आधी हाताने वाजलेला नाही, तो मशीनमध्ये जाणार नाही. सकाळी पडद्यावर टॉवेल टाकायचा, तुझ्या काठ्या घ्यायच्या आणि तुझ्या त्या जुन्या उशीवर अख्खं गाणं वाजवायचं. चुकलं तर पहिल्यापासून. घाम आला, हात भरून आले, तरी टॉवेल काढायचा नाही. मन पुन्हा गाण्यात गेलं, पाय आपोआप हलायला लागले, की मगच चौकोन. बाबा म्हणाले, 'कापूसच पिंजायचाय तर गादी काढून देतो.'

त्या उशीनेच मला तुझं गुपित सांगितलं. खालच्या मजल्यावरच्या काकांची तक्रार नको म्हणून तू सात वर्षं उशीवर सराव केलास. उशी काठीला परत उसळू देत नाही; प्रत्येक वेळी ती मनगटाने उचलून घ्यावी लागते. म्हणूनच तुझा डाव्या हाताचा ठोका केसभर उशिरा पडतो. मास्तर सुरुवातीला ओरडायचे, 'मागे राहतोस!' पण गाणाऱ्या मावशी म्हणायच्या, 'राहू दे हो, त्या फटीत मी श्वास घेते.' मी ती फट मशीनमध्ये आणायचं ठरवलं. स्नेअरचा एकेक ठोका हाताने धरून मागे सरकवला. सगळे सारखे नाहीत. तिसऱ्या कडव्यात तू दमतोस, तिथे जरा जास्त. धृपद जवळ आलं की तुला हुरूप येतो, तिथे कमी. एका गाण्याला तीन-तीन दिवस लागले. पण मी परत भुणभुणायला लागले, दादा. इतकं सुख मला परीक्षेच्या निकालाच्या दिवशीही झालं नव्हतं.

एका दुपारी मी ट्रॅक मोठ्याने लावला आणि आईचं मशीन थांबलं. ती दाराकडे बघत होती. म्हणाली, 'आला का गं तो?' मी म्हटलं, 'नाही गं, माझं काम आहे.' तिने बराच वेळ पेडलवर पाय ठेवला नाही. मी मात्र हरखून गेले होते. जमलं! माझ्या डोक्यात तेवढंच होतं.

ते ट्रॅक घेऊन दोन कार्यक्रम झाले. ड्रमर कुठे आहे, असं प्रेक्षकांतल्या एकानेही विचारलं नाही. आणि मागच्या गुरुवारी मास्तर स्वतः आपल्या घरी आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. आई पाणी आणायला आत गेली तेवढ्यात म्हणाले, 'पोरी, उरलेली गाणीही करून टाक. आता असंच चालवू. ड्रमचा पसारा वाचतो, गाडीत जागा होते, ट्रॅकचं मनगट मोडत नाही.' मी विचारलं, 'आणि दादा?' ते हसले. 'अगं, तोच तर वाजतोय! डोळे मिटून ऐक. फरक काय?' मग म्हणाले, जाहिरातीच्या फलकावर माझं नाव टाकतील, 'तालसंयोजन' असं खाली. आणि जाता जाता, 'त्याला तूच सांग. तुझं ऐकतो तो.'

आता खरी कबुली. मी नाही म्हणाले नाही.  फलकावरच्या त्या ओळीत माझं नाव कसं दिसेल, ते मी दोन दिवस वहीच्या मागच्या पानावर लिहून पाहिलं. माझं शिक्षण व्हावं म्हणून तू दहावीनंतर शाळा सोडलीस, आणि मी वहीत अक्षरं वळवत बसले होते. स्वतःला समजावलंही. तुझा हात दुखायचा थांबेल, तुझी ढब तर कायमची राहील, मी ती जपलीच आहे. पदवीने मला एक गोष्ट चांगली शिकवली, स्वतःला पटेल असं कारण शोधायला.

शनिवारी मी तालमीला गेले. तुझ्या जागी त्यांनी कपड्यांची पेटी ठेवली होती. मावशींना खोकला झाला होता. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी त्यांनी सवयीने मान मागे वळवली, तुला खूण करायला, की थांब, मला श्वास हवाय. मागे पेटी. मी ट्रॅकमध्ये ठेवलेली फट आली आणि गेली. मावशी अर्ध्या श्वासात, आणि ट्रॅक पुढे. त्या खोकत खाली बसल्या. नंतर मला जवळ घेऊन म्हणाल्या, 'तुझं काम सुरेख आहे गं. पण तुझा दादा असता तर त्याने धरून ठेवलं असतं.' तेव्हा मला कळलं मी काय उतरवलं होतं आणि काय नाही. तू उशिरा वाजवतोस ती नुसती उशीची सवय नाही. तू ऐकत असतोस. माझ्या चौकोनांना उशीर करता येतो, पण कुणासाठी थांबता येत नाही. आणि आई त्या दुपारी मशीन थांबवून का बसली, तेही मला तालमीहून घरी चालत येताना समजलं.

तर हे पत्र कशासाठी, ते सांगते. गाणी भरायला वाद्यवृंदाचा लॅपटॉप दर कार्यक्रमाआधी माझ्याकडे येतो. आज सकाळी मी त्यातल्या, आतापर्यंत केलेल्या चौदाही गाण्यांमधून ड्रम काढून टाकले. टाळ्या, खुळखुळा आणि गाणं सुरू करायची 'एक-दोन-तीन-चार' ही मोजणी तेवढी ठेवली. लपवून केलं नाही. दुपारी तालमीच्या खोलीत जाऊन सगळ्यांसमोर मास्तरांना सांगितलं आणि लॅपटॉप त्यांच्या हातात दिला. ते म्हणाले, 'पुढच्या शनिवारी हॉल भरलेला असेल. ड्रम कोण वाजवणार, तुझी पदवी?' मी तुझं नाव घेतलं. ते म्हणाले, 'आणि त्याला नाही झेपलं, तर दोघं भावंडं घरी बसा.' तुझा हात सलग वीस मिनिटं चालतो, असं आत्या म्हणाली, आणि कार्यक्रम दोन तासांचा आहे, हे मला माहीत आहे. मी तुला न विचारता तुझ्यावर हे ओझं टाकलंय. त्यासाठी रागाव, हवं तेवढं रागाव. यायचं नसेल तर पुढच्या बुधवारपर्यंत कळव, मी मास्तरांना स्वतः सांगेन की गाणी ड्रमशिवाय होतील. पण ट्रॅक आता परत मिळणार नाहीत. माझ्याकडच्या प्रतीही मी पुसून टाकल्या आहेत.

तुझीच,
भुणभुण