बादलीतलं तापमान

३ जानेवारी
थंडीत बाबांचे गुडघे धरतात. पहाटे पाचला अंघोळ लागते आणि गीझर दिवसाआड रुसतो. ठरलं. घरच्या घरी स्वस्त सोलर हीटर करणार. डिझाइन डोक्यात तयार आहे.

४ जानेवारी, सकाळ
गीझर काढून भंगारवाल्याला दिला. परतीची वाट ठेवली की माणूस ढिला पडतो. आधी सोलर बसवून मग गीझर काढता आला नसता का, असं बायकोने विचारलं. हिला धडाडी कळत नाही.

९ जानेवारी
काळे रंगवलेले तांब्याचे पाइप, वर काच, खाली थर्माकोल. पॅनल देखणं झालंय. प्लंबर म्हणाला की टाकी पॅनलच्या वर हवी, गरम पाणी वर चढतं, खाली उतरत नाही. मी स्टँडचा खर्च वाचवला: टाकी गच्चीच्या फरशीवर, पॅनल कठड्यावर. प्लंबर हात जोडून निघून गेला.

११ जानेवारी, दुपार
हाफ डे टाकला. गच्चीवर सात फेऱ्या. टाकीतलं पाणी १९. थर्मामीटर बिघडलाय. दुसरा आणला. १९. एकाच दुकानातले, दोन्ही बिघडलेले. आठवी फेरी.

१२ जानेवारी
यश! बाबा अंघोळ करून आले आणि म्हणाले की पाणी छान कडकडीत होतं. उरलेल्या पाण्यात थर्मामीटर बुडवला: ४१! तुझ्या हातात कसब आहे, असंही म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा. ऑफिसात खुर्चीवर बूड टिकेना. बरं नाही का, असं साहेबांनी दोनदा विचारलं.

१६ जानेवारी
४२. टाकी मोजणं बंद. माणूस अंघोळ टाकीत नाही, बादलीत करतो. मला मात्र आठ वाजता गारच पाणी मिळतं, तोवर संपत असणार. मोठी टाकी हवी. शेजाऱ्यांनाही एक हीटर कबूल केला. गॅस लवकर संपला. बायकोला चहा कमी करायला सांगितलं.

१९ जानेवारी
बाबांचे गुडघे उलट जास्तच सुजलेत. पाणी आणखी गरम करायला हवं.

संध्याकाळी
शेजाऱ्यांच्या हीटरसाठी प्लंबरला बोलावलं. त्याने आमच्या टाकीला हात लावला आणि म्हणाला की हे पाणी एकदाही तापलेलं नाही. मी त्याच्यासमोर बादलीचे आकडे ठेवले. तेव्हा बायकोने सांगितलं की बाबा रोज साडेचारला उठून गॅसवर पातेलं तापवतात आणि ते उचलून बाथरूमपर्यंत नेतात. तिला त्यांनी शपथ घातली होती.

बाबांना विचारलं. म्हणाले, तू इतका खूश होतास, सांगवेना.

फार वाईट वाटलं. तेव्हापासून या खोलीतून त्या खोलीत येरझाऱ्या चालल्यात. उद्यापासून साडेचारला मी उठणार. पातेलं मीच उचलणार. तीन गजर लावले.

२० जानेवारी
आठला उठलो. तिन्ही गजर झोपेत मीच बंद केले म्हणे. बाबांची अंघोळ झाली होती. ते गुडघे चोळत बसले होते. बाथरूममध्ये आणखी एक बादली भरून ठेवलेली. वाफा येत होत्या. माझ्यासाठी.