बैलाला ब्रेक कुठला?

सदलगा, ता. ८ जानेवारी १९३८

चि. परशरामास, बायाक्काचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. इकडं सारी खुशाल आहोत. तुझं खुशाल असेल तर तसं लवकर कळव, कारण गेल्या बाजारापासून मला घास गोड लागत न्हाय.

तवंदीच्या घाटात मोटार उलटल्याचं इथं प्रत्येक उंबऱ्यावर चाललंय. तीन माणसं जागची गेली म्हणं. त्यात एक नवी नवरी होती, मांडवपरतणीला निघालेली. ऐकल्यावर आधी विचारलं, ड्रायव्हर कोण? वडगावचा न्हाय म्हणाले तेव्हा खाली बसले.

परशा, आता पुरं. आपल्या घराण्यात कुणी हातमागावर बसून मेलेलं न्हाय. आईनं तुझा माग अजून झाकून ठेवलाय. तुझे दाजी लुगडी घेऊन निपाणीच्या बाजाराला जातात, परतताना गाडीत खुशाल झोपतात, बैल आपसूक दारात आणून सोडतात. तुझी मोटार आणंल का तसं? ड्रायव्हर झाल्यापासून मिशा तेवढ्या वाढल्यात, अक्कल न्हाय.

आईला जप. बहिणीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आक्का

वडगाव, ता. १५ जानेवारी १९३८

ती. आक्कास, परशरामाचा शि. सा. न. वि. वि. पत्र पोचलं. मिशांबद्दलचं आईला वाचून दाखवलं न्हाय.

ती मोटार माझ्या ओळखीच्या गड्याची. वाईट झालं, दोन दिवस मीही घाटात मोटार सावकाश उतरवली. पण आक्का, मोटार उलटली की गाव गोळा होतं, वर्तमानपत्रात छापून येतं. बैलगाडी उलटली तर कोण छापतंय? दिवाळीपासून या रस्त्यानं किती गाड्या चरीत पडलेल्या बघितल्या त्याला गणती न्हाय. टांग्याचं घोडं उधळलं की थांबवणारा न्हाय. दूधगंगेची नाव गेल्या पुरात बुडाली, ती बायाबापड्यांसकट विसरलात. माझ्या मतानं आगगाडी सगळ्यांत बरी, तिच्या वाटेत कुणी येत न्हाय. मग मोटार. बैलगाडी तिच्या मागं आणि नाव शेवटी. मोटारीला ब्रेक आहे, बैलाला कुठला?

दाजींना म्हणावं, गाडीत झोपत जाऊ नका. लोभाची ऊब राहू दे.
तुझा परशराम

बेळगाव, ता. २३ फेब्रुवारी १९३८

ती. आक्कास शि. सा. न. हे पत्र शेजारच्या सोनाबाईला जवळ बसवून वाच. दाजी जिवंत आहेत. आधी हे दोनदा वाच, मग पुढचं.

सोमवारी निपाणीजवळ दाजींची गाडी मोठ्या रस्त्याला लागताना समोरून एक मोटार भरधाव आली. अगदी तोंडाशी येऊन भोंगा वाजवला. दाजी जागे होते, कासरा हातातच होता. बैल बुजले, गाडी चरीत गेली आणि चाक त्यांच्या उजव्या पायावर बसलं. मोटार थांबली न्हाय. कुणाची ते कळलं न्हाय.

निपाणीच्या डॉक्टरांनी बेळगावचा मोठा दवाखाना सांगितला. माझी मोटार अड्ड्यावर उभी होती. उतारू भराभर उतरले, एका म्हातारीनं आपलं घोंगडं अंथरलं. बैलगाडीनं नेलं असतं तर दाजी वाटेतच गेले असते. घाटात प्रत्येक खड्ड्याला ते ओरडत होते, आणि मधेच बैलांचं विचारत होते. बैल धड आहेत.

पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

आक्का, मी उलटलेल्या गाड्या बैलांच्या नावावर घातल्या. त्यांना बुजवलं कुणी, ते बघितलंच न्हाय. मोटारीत बसून बघितलं की रस्ता असाच दिसतो. दाजी बरे झाले की मी मोटार सोडणार. तू निघू नकोस, लेकरांना धर. दवाखान्यात दाजींजवळ आई आहे.
परशराम

सदलगा, ता. ११ एप्रिल १९३८

चि. परशरामास आशीर्वाद. वि. वि. तू पोचवून गेलास तेव्हापासून हे भिंतीकडं तोंड करून निजतात. खड्ड्याचा माग, खालच्या पायपट्ट्यांवर दोन्ही पाय चालल्याबिगर एक वीत लुगडं होत न्हाय. आता मागावर मी बसते. हे सुताच्या कांड्या भरून देतात, पण बोलत न्हाईत.

मोटार सोडतो म्हणालास. पंधरा दिवस मी मनात घोळवलं. मीच तुला सोड म्हटलं होतं, आता मीच सांगते, सोडू नकोस. तू उतरलास तर तुझ्या जागी दुसरा बसंल, आणि त्याच्या घरी बैलगाडी नसंल. गाडी दिसली की भोंगा वाजवू नकोस. बाजूला घे, इंजिन बंद कर. उशीर झाला तर होऊ दे.

ह्यांना दोन ओळी लिही. माया असू दे.
आक्का

वडगाव, ता. ३ मे १९३८

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि. तू म्हणालीस तसं करतो. उतारू कुरकुरतात. मालकानं परवा सगळ्यांदेखत झापलं की मोटार चालवतोस का मिरवणूक. निपाणीच्या अड्ड्यावर बाकीच्या ड्रायव्हरांना सांगून बघितलं, ते हसले. मला बैलांचा मेहुणा म्हणतात. म्हणू देत. दाजींसाठी सागवानी कुबड्या पाठवतोय. त्यांना वेगळं लिहायला बसलो, पण लिहिता येईना.
परशराम

सदलगा, ता. १९ जून १९३८

चि. परशरामास भरभरून आशीर्वाद. वि. वि. काल ह्यांनी बैल जुंपायला सांगितले. मी म्हटलं, नको. हे म्हणाले, बैलांनी माझं काय वाकडं केलं? एवढं बोलले त्यानंच मी नको म्हणायचं सोडलं. लुगडी गाडीत टाकली आणि मी शेजारी बसले.

मोठ्या रस्त्याला लागलो आणि समोरून मोटार आली. मी गाडीची फळी घट्ट धरली. ह्यांनी कासरा आवळला. मोटार कडेला गेली, थांबली, इंजिन बंद झालं. बैल कान टवकारून गुमान पुढं गेले. ड्रायव्हर आपल्या ओळखीचा नव्हता, बिडी पेटवत बसला होता, आमच्याकडं बघितलंसुदा न्हाय.

बरंच पुढं गेल्यावर हे म्हणाले, परशाला लिही, एकजण तरी हसायचा थांबला.

आशीर्वाद आहेतच. बेतानं चालव.
तुझी आक्का