बोरढोकच्या एकशे अठरा शेतांची माती

प्रति,
मा. मंडळ कृषी अधिकारी,
मंडळ कृषी अधिकारी कार्यालय, चिंचवेढे,
जि. अहिल्यानगर.

विषय: मौजे बोरढोक येथील माती नमुने न तपासता कार्यालयाच्या कुंड्यांत भरल्याबाबत.

संदर्भ: दि. १ मे २०२५ च्या ग्रामसभेतील आपले भाषण.

महोदय,

१. मी रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवीधर असून बोरढोकच्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. उपरोक्त ग्रामसभेत आपण म्हणालात की, गावाचा विकास शेतीतून होतो आणि शेतीची सुरुवात माती तपासणीपासून. मला ते पटले. नमुने गोळा करण्याचे काम मी आपल्या विनंतीवरून स्वीकारले.

२. लोक तयार नव्हते. हमिदा गनी शेख मला म्हणाल्या, "मोनिकाबाई, तुमी म्हन्ता म्हनून देते, न्हाईतर सरकारी पिशवीत मी चिमूटभर मीठबी घालनार न्हाई." प्रत्येक शेतात आठ ठिकाणी वीतभर खोल खड्डे घेतले, माती सावलीत वाळवली, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकले, असे करत अर्धा किलो उरवली. प्रत्येक पिशवीत गट क्रमांक व नावाची चिठ्ठी घातली. चिठ्ठ्या मी पेन्सिलीने लिहायला लावल्या, कारण ओलीने शाई पसरते. दि. २३ मे रोजी ११८ पिशव्या आपल्या कार्यालयात पोचत्या केल्या.

३. दि. ९ जून रोजी मृदा आरोग्य पत्रिका मिळाल्या. सर्व पत्रिकांवर सामू (पीएच) ७.८ व सेंद्रिय कर्ब ०.४६ आहे. पुंजाराम ढगे यांची कालव्याखालची चोपण जमीन आणि हमिदाबाईंचा मुरमाड माळ यांचा सामू दशांशापर्यंत सारखा येणे शक्य नाही. विचारले असता यंत्र सरासरी काढते, असे मला सांगण्यात आले. यंत्र सरासरी काढत नाही.

४. नमुने ११८ होते, पत्रिका ११९ आल्या. जादा पत्रिका गट क्र. ६१ ची आहे. ती आमच्या चर्चची दफनभूमी आहे. तेथे सोयाबीन घ्यावे, अशी शिफारस आहे. माझे वडील तेथे आहेत.

५. पेरणी तोंडावर होती. तरीही मी लोकांना थांबवले नाही, कारण मला आपल्यापेक्षा माझ्याच शंकेचा संशय आला. ही चूक माझी आहे. पुंजारामभाऊंच्या पत्रिकेत चोपण जमिनीला लागणाऱ्या जिप्समचा उल्लेख नव्हता. त्यांचे अडीच एकर सोयाबीन पिवळे पडून बसले.

६. दि. १२ सप्टेंबर रोजी मी पुन्हा आपल्या कार्यालयात आले. 'शेतीतून ग्रामविकास' पाहणी समिती येणार म्हणून दाराशी शेवंतीच्या बारा नव्या कुंड्या मांडल्या होत्या. शिपाई कानिफनाथ पाणी घालत होते. एका कुंडीत पाण्याबरोबर चिठ्ठी वर आली: "गट क्र. १४३, हमिदा गनी शेख." मी विचारले. ते खरे बोलले: "बाई, सायेब म्हन्ले आजच्या आज कुंड्या भरा. माती कुठनं आनू? पिशव्या तशाच पडल्या हुत्या." एका कुंडीत सुमारे पाच किलो माती मावते. ११८ नमुन्यांची ५९ किलो होते. बारावी कुंडी थोडी रिकामी आहे.

७. ही बातमी गावात माझ्याआधी पोचली. पुंजारामभाऊ पारावर सर्वांसमोर म्हणाले, "काय बाई, आमचं वावर सायबाच्या दारात लई फुललंय म्हन्त्यात." लोक हसले. हमिदाबाई हसल्या नाहीत आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही.

८. ज्वारीची पेरणी पंधरा दिवसांवर आहे. सबब, सर्व ११९ पत्रिका लेखी रद्द कराव्यात व तसे आपण स्वतः ग्रामसभेत सांगावे. मे महिन्यात मी आपल्या शेजारी उभी होते. या वेळी मी लोकांत बसेन. नवे नमुने पेरणीपूर्वी घ्यावेत. पिशव्या घेऊन आपण घरोघर जावे. माझ्या शब्दावर आता कोणी माती देणार नाही.

९. कुंड्या रिकाम्या करू नयेत. माती आता वेगळी करता येणार नाही, परंतु आत आणखी ११७ चिठ्ठ्या आहेत. त्या पेन्सिलीने लिहिलेल्या असल्याने रोज पाणी घातले तरी नावे पुसली जाणार नाहीत.

आपली, आजवर विश्वासू,

(सही)
मोनिका इमॅन्युएल शिरसाठ
मु. पो. बोरढोक
दि. १५ सप्टेंबर २०२५

सोबत:
१) ११८ पिशव्यांची पोच.
२) गट क्र. ६१ ची पत्रिका, मूळ.
३) गट क्र. १४३ च्या चिठ्ठीची छायाप्रत. मूळ चिठ्ठी हमिदाबाईंना परत केली आहे.