टायच्या बाजूनं एक चिठ्ठी

४ फेब्रुवारी

समितीवर घेतलं मला! वैमानिकांचा टाय, टोपी, कोट — ठेवायचे की काढायचे, यावर समिती. पाच जण. अध्यक्ष अर्थात इस्त्री. म्हणजे आमचे मुख्य वैमानिक. हे नाव मीच ठेवलेलं, नोकरीला लागले तेव्हा. आता सगळी कंपनी वापरते, फक्त त्यांना ठाऊक नाही. माणूस बसला तरी कोटाला सुरकुती पडत नाही.

नवरा म्हणाला, "त्यात विचार कसला? काढा म्हणावं सगळं. भर थंडीत खिडक्या कोण उघडतं या घरात?" तो हल्ली स्वेटर घालून झोपतो, बिचारा.

बरोबर आहे त्याचं. गेलं वर्षभर अंगातून वाफा निघताहेत. पाळी जाता जाता सूड उगवून चालली आहे. सांगून येत नाही — छातीतून उठतं, मानेवरून कानापर्यंत चढतं. आणि नेमकी तिथंच कॉलर, वर टाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सैल कपडे घालत जा." हो, घालते की. विमान गाऊनमध्ये उडवते!

कामावर यातलं कुणालाही माहीत नाही. कळू देणारही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

९ फेब्रुवारी

पहिली बैठक. इस्त्रींचं भाषण — टोपी जहाजांवरून आली, बाहीवरच्या पट्ट्या जहाजांवरून आल्या, दारात टायमधला कॅप्टन दिसला की प्रवासी निर्धास्त झोपतो. चिमणी म्हणाली, "सर, प्रवासी झोपतात ते टायमुळे नाही, पहाटे उठावं लागतं म्हणून." ही आमची सगळ्यांत नवी को-पायलट. आवाज बारीक, हिंमत दांडगी. सगळे हसले. इस्त्री सोडून.

मग मला विचारलं. "विचार करून सांगते," म्हणाले आणि तेवढ्यात भट्टी पेटलीच. कानामागून ओघळ. फाइलनं वारा घ्यायचा मोह कसाबसा आवरला. इस्त्री उठले, "फार कोंदट झालंय," म्हणत त्यांनी खिडकी सताड उघडली. बाहेर हाडं गोठवणारी थंडी! हिशेबखात्याच्या गृहस्थांनी मफलर कानावरून ओढून घेतला. इस्त्रींचा कोट मात्र अंगावरच. म्हातारे झाले आता, दम कोंडत असेल.

मी वाचले ते खरं.

१० फेब्रुवारी

लागले तेव्हा मला स्कर्ट दिला होता, आणि गळ्यात बांधायला रुमाल, त्याची गाठ फुलासारखी. पहिल्याच आठवड्यात एका काकांनी दारात अडवलं — "ए मुली, ही बॅग जरा वर ठेव." ठेवली. मग जाऊन त्यांचं विमान उडवलं.

बाजारातून टाय आणला. गाठ नवऱ्यानं शिकवली, तेव्हा तो नवरा नव्हता. पँट घालून, टाय लावून कामावर हजर. इस्त्रींनी डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. "काय बाई, नाटकात काम मिळालं का?" अर्ज, वादावादी, पुन्हा अर्ज. शेवटी मिळाला टाय. मिळाला कसला, मिळवला.

तो आता मी काढा म्हणू? म्हणजे उद्या बोलायला मोकळे — बायका आल्या आणि टाय गेला. त्याहून वाईट म्हणजे — बाईंना आता झेपत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

१७ फेब्रुवारी

फजिती! उड्डाणाआधी चिमणीबरोबर कॉफी घेत होते. वाकले, तर टाय निखळून थेट तिच्या कपात. हल्ली चिमट्याचा लावते मी. गाठ आयती, कॉलरला नुसता अडकवायचा. उकडलं की ओढला, दार वाजलं की लावला.

चिमणीनं दोन बोटांनी उचलून धरला. "मॅडम, खोटा?"

"गळा खरा आहे ना."

कुणाला सांगणार नाही म्हणाली. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "मग काढा म्हणून मत द्या ना, मॅडम." मी घड्याळाकडे पाहिलं.

२० फेब्रुवारी

उड्डाणाची वार्षिक तपासणी. शेजारी इस्त्री, मांडीवर कागद, चेहरा नेहमीसारखा कडक. कॉकपिटचा गारवा त्यांनी इतका वाढवला की माझी बोटं आखडली. परीक्षा बघतात काय माझी? आठ-दहा वर्षांपूर्वी मी तोंडावर विचारलं असतं.

उतरणं सुरेख झालं. "ठीक," म्हणाले. त्यांच्या तोंडून ठीक म्हणजे पेढे वाटावेत.

२३ फेब्रुवारी

नमुन्याचा गणवेश अंगावर घालून उडायचं होतं. मऊ, ताणला जाणारा शर्ट. टाय नाही, टोपी नाही, कोटाऐवजी पातळ जाकीट. काय सांगू! दोनदा वाफ आली, दोनदा आली तशी गेली. पाप वाटावं इतकं बरं वाटलं.

उतरताना दाराशी उभी होते. एका बाईंनी माझ्या हातात रिकामा कप दिला. मागच्या गृहस्थांनी त्यांचाही दिला, वर टिशू. खांद्यावरच्या चार पट्ट्या त्यांच्या नाकासमोर होत्या!

घेतले कप. फेकलेही. राग आला नाही म्हणणार होते — पण आला. खूप आला.

२ मार्च

ठरलं. माझं मत — टाय राहील.

६ मार्च

मतदान झालं. बंद चिठ्ठ्या, "ठेवा" किंवा "काढा". खोकं मिळेना, म्हणून इस्त्रींनी आपली टोपीच काढून टेबलावर उलटी ठेवली. टोपीबद्दलचं मत टोपीत! मी "ठेवा" लिहिलं. लिहिताना मान ओलीचिंब होती. मनात गणित सोपं — चिमणी आणि बैठकीत तिच्या बाजूनं बोलणारे केबिनप्रमुख, दोघं काढा म्हणणार. इस्त्री, मी आणि हिशेबवाले ठेवा म्हणणार.

इस्त्रींनीच चिठ्ठ्या उघडल्या. काढा. काढा. ठेवा. काढा. काढा.

हिशेबवाले पुटपुटले, "धुलाईचा खर्च तरी वाचेल." चिमणी टाळ्या वाजवता वाजवता थांबली. सगळ्यांचे डोळे इस्त्रींकडे. ती एकुलती एक चिठ्ठी त्यांचीच, यात कुणाला शंकाच नव्हती. इस्त्रींनी टोपी डोक्यावर नीट बसवली. "काय करणार? म्हातारा माणूस, हट्टी असतो," म्हणाले. चिमणीनं त्यांना चक्क चहा आणून दिला.

मी बोलायला हवं होतं. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून आनंद व्हावा, तर तोही नाही. ती चिठ्ठी माझी होती. मग त्यांची कुठली?

९ मार्च

इस्त्री जिन्यात भेटले. विचारलंच. "सर, तुम्ही काढा म्हणून लिहिलंत?"

"लिहिलं."

"तुम्ही?"

"मला काय, मी घरीही टाय लावून बसेन. तुम्हाला अजून पुष्कळ उडायचंय." दोन पायऱ्या उतरले, थांबले. "आमच्या हिलाही असंच व्हायचं. ती पंखा लावायची, मी बंद करायचो. अक्कल उशिरा आली." मग म्हणाले, "खिडकी उघडली तेव्हाच तुमच्या लक्षात येईल वाटलं होतं, बाई."

गेले. कोटाला सुरकुती नाही.

सगळ्यांत माझ्या विरुद्ध मत दिलं ते मी एकटीनं. जिन्यातच रडू फुटलं. रुमाल सापडेना. टाय ओढला — चिमट्याचा, पटकन निघाला — आणि त्यानंच डोळे पुसले.