साक्षीला स्वप्नाली नको

मी, सौ. समिधा धनंजय केळुसकर, माहेरची तेंडोलकर, वय बत्तीस, शिक्षणाने उपकरण अभियंता, सध्या राहणार उम्म अल कुवैन, संयुक्त अरब अमिराती, कायमचा पत्ता कुडाळ, जिल्हा सिंधुदुर्ग, स्वतःच्या हाताने लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे. बिघाड हृदयाच्या एका झडपेत आहे, त्याच्या वर काही नाही. पुढच्या महिन्यात मुंबईला ती झडप बदलायची आहे. डॉक्टरांनी धोका किती ते सांगितले, मी ते समजून घेतले आणि मग हा कागद घेतला. कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. उलट माझे पती धनंजय म्हणाले, "असलं काही लिहू नकोस गं." माझी धाकटी बहीण स्वप्नाली म्हणाली, "लिही. फक्त अक्षर नीट काढ, आम्हाला वाचायचंय." मी लिहिते आहे ते दोघांपैकी कोणाच्याही सांगण्यावरून नाही.

याआधी एक मसुदा केला होता. तो मी रद्द करते. कारण कलम ७ मध्ये येईल.

१. घर. पुण्यातील धायरीचा फ्लॅट आम्हा दोघांच्या नावावर आहे. माझा अर्धा हिस्सा धनंजय यांना द्यावा. गॅलरीची जाळी त्यांनी बसवली, ती तिरकी आहे. तीन वर्षे मी काही बोलले नाही. आता नोंद राहावी.

२. ठेव. बँकेत माझ्या एकटीच्या नावावर जे आहे ते सर्व बाबांना, म्हणजे श्री. रामेश्वर तेंडोलकर यांना. ते नको म्हणतील. त्यांचे ऐकू नये. माझा व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे बारीक मापे घेण्याची सरकपट्टी, तोही त्यांना परत द्यावा. आयटीआयच्या वर्कशॉपमधून निवृत्त होताना त्यांनी तो मला दिला होता, स्वप्नालीला नाही. तेव्हा ती म्हणाली होती, "मला काय करायचाय तो, मी अंदाजाने सांगते." आणि खरेच सांगायची. टेबल किती लांब, ओढा किती रुंद, तिचा अंदाज फारसा चुकत नसे. लोक टाळ्या वाजवत. मोजून बरोबर सांगणाऱ्यासाठी कोणी टाळ्या वाजवत नाही.

३. आईच्या पाटल्या. आई गेल्यावर एक मला आली, एक स्वप्नालीला. स्वप्नालीने तिची माझ्याकडेच ठेवली, "तुझ्या हातात जोड बरी दिसते, ताई," म्हणून. तेव्हापासून मी पाटल्या घातल्या की बघणाऱ्या बायका तिच्या मोठ्या मनाबद्दल बोलतात. तिची पाटली तिला परत द्यावी. आतल्या बाजूने खूण केली आहे. हे देणे नाही, परत करणे आहे. माझी पाटली कोणाला द्यायची ते बाबांनी ठरवावे.

४. सत्यभामामावशींना माझा कॉर्डलेस फोन. माझ्या ऑपरेशनची तारीख ठरल्याचे कळताच त्यांनी बाबांना फोन करून सांगितले की, देव न करो, पण काही झालेच तर धनंजयरावांनी बाहेर कुठे बघू नये, घरात स्वप्नाली आहे. बाबांनी फोन आपटला. मावशींनी मग तीच गोष्ट आणखी चार ठिकाणी सांगितली. ज्या वस्तूचा त्या इतका उपयोग करतात, ती त्यांच्याकडे चांगली असावी.

५. माझे काम. यात वाटण्यासारखे काही नाही असे वाटेल, पण माझे मत ही माझीच मिळकत आहे आणि ते मी लिहून ठेवते.

आमची कंपनी हमरिया फ्री झोनमध्ये आहे. क्रॉसबो, म्हणजे आडवे धनुष्य, आणि त्याला लागणारे सामान आम्ही आणतो, तपासतो आणि आफ्रिकेला व पूर्व युरोपला पाठवतो. इथे त्याने शिकार होत नाही, माल फक्त पुढे जातो. कोणता माल घ्यायचा हे सात वर्षे मी ठरवते. मी अंडेही खात नाही. मॅनेजर रफिकभाई, मूळचे रत्नागिरीचे, पहिल्या दिवशी म्हणाले होते, "घासफूस खाणारी बाई शिकारीचा माल निवडणार? यल्ला, बघूया!" मी म्हटले, मारायचेच असेल तर एका बाणात मरावे, लंगडत जाऊ नये. त्यांनी नमुन्यांची पेटी माझ्यापुढे सरकवली.

रेंजफाइंडर म्हणजे लेझरने अंतर सांगणारी दुर्बीण. गिऱ्हाईक नेहमी विचारते, किती लांबचे दाखवते? हा प्रश्न चुकीचा आहे. क्रॉसबोचा बाण पन्नास मीटरच्या पुढे सोडूच नये. म्हणून वीस ते पन्नासमध्ये जे अचूक, जे मधल्या काटकीला न फसता मागच्या जनावराचे अंतर देते आणि ज्याची काच पहाटेच्या धुरकट उजेडातही स्वच्छ दिसते, तेच घ्यावे. आणखी एक. उतारावरून खाली नेम धरला तर हे यंत्र तिरकी रेघ मोजते, पण बाण खाली पडतो तो आडव्या अंतराइतकाच. त्यासाठी मी एक लहान कार्ड केले आहे. यंत्राचा आकडा आणि उताराचा कोन बघायचा, कार्ड नेम कितीचा धरायचा ते सांगते.

ब्रॉडहेड म्हणजे बाणाच्या टोकाचा धारदार फाळ. तो दोन प्रकारचा येतो. एकाची पाती कायम उघडी असतात. दुसऱ्याची हवेत मिटलेली असतात आणि लागल्यावर उघडतात. उघडणारा फाळ सरळ उडतो आणि कॅटलॉगमध्ये छान दिसतो. पण उघडण्यातच त्याचा थोडा जोर खर्च होतो, आणि तिरका लागला तर तो सटकू शकतो. आमची धनुष्ये मध्यम ताकदीची आहेत. त्यांना स्थिर पात्याचाच फाळ घ्यावा. हे माझे मत होते, आहे आणि या कागदानंतरही राहील.

६. दक्षिण आफ्रिका. स्वप्नालीला मी इथे आणले, मी नोकरी लावली, मी शिकवले. दोन वर्षांत लोक "मॅडमना विचारा" म्हणायचे तेव्हा कोणती मॅडम हे विचारावे लागू लागले. दुबईत ऊद मेथाच्या सभागृहात गणपतीचे सूत्रसंचालन तीच करते. आमच्या जेवणाच्या टेबलावर धनंजय तिच्या विनोदाला हसतात तेव्हा त्यांच्या हातातला घास थांबतो. माझ्या बोलण्याने तो कधी थांबलेला नाही.

या मोसमासाठी तिने उघडणारा फाळ सुचवला, मी स्थिर. निकाल लावायला एका गिऱ्हाइकाने आपल्या शेतावर शिकारीला बोलावले. जाणार मी होते. तिकीट माझ्या नावाचे होते. तेवढ्यात झडपेचे निघाले आणि ती गेली.

परत आल्यावर ऑफिसच्या पॅन्ट्रीत तिने सगळ्यांसमोर सांगितले. शिकार कुडूची होती, म्हणजे पिळदार शिंगांच्या मोठ्या हरणाची. गिऱ्हाइकाने तिचा फाळ लावून बाण सोडला, तो बरगडीवर तिरका लागला आणि सटकला. जनावर लंगडत निघाले. दुपारभर माग काढत ते एका टेकडीवर पोचले, जनावर खालच्या उतारावर उभे होते. तिने गिऱ्हाइकाच्या बाणाला माझा फाळ लावायला लावला. यंत्र एकतीस मीटर म्हणाले. तिने माझे कार्ड काढून सांगितले, सत्तावीसचा नेम धरा. जनावर जागेवर पडले.

"रफिकभाई, ताई बरोबर होती," ती म्हणाली. "मीच हट्ट केला होता. ते बिचारं दुपारभर माझ्यामुळे चालत होतं."

"वाह बेटी!" रफिकभाई उठून उभे राहिले. "माल विकायला बसून एवढं खरं कोण बोलतो? खलास! स्थिर पातं फायनल."

सगळे तिच्याभोवती जमले. हिशेबाच्या जैनबने तिला मिठी मारली. मी विचारले, "उताराचा कोन किती होता?" सगळे हसले. स्वप्नाली हसली नाही. ती म्हणाली, "तीस अंशांच्या जवळपास." ते बरोबर होते.

बरोबर मी होते. कौतुक तिचे झाले.

७. रद्द केलेला मसुदा. त्यात कलम १ ला अट होती की धनंजय यांनी पुनर्विवाह केल्यास आणि तो स्वप्नालीशी केल्यास माझा हिस्सा बाबांकडे जावा. वकील म्हणाले, अट घालता येईल, पण वाचणाऱ्याला तुमच्याबद्दल काय वाटेल? मी म्हटले, तेव्हा मला कळणार नाही. ते असेही म्हणाले की ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्ष करू नये. हे मला सोयीचे वाटले. मी स्वप्नालीलाच साक्षीदार नेमले. म्हणजे तिला काही न देण्याचे कारण कोणाला सांगावे लागले नसते.

गेल्या गुरुवारी दुपारी ऑफिसात रफिकभाईंच्या केबिनमध्ये सही करायचे ठरले. ती आली.

"ताई, ह्यात मला काय?"

"काही नाही. म्हणून तर तू साक्षीदार. मिळणाऱ्याने साक्ष करायची नसते."

"अगो बाई! मला काही द्यायचं नाही म्हणून एवढा खटाटोप? नुसतं सांगायचंस. आण पेन."

"अगो, वाच तरी," रफिकभाई म्हणाले.

"साक्षीदाराने फक्त सही बघायची असते, रफिकभाई. ताईने शिकवलंय." तिने पेन उघडले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मावशीचा मलाही फोन आला होता."

"मग?"

"मी म्हटलं, मावशी, लहानपणापासून ताईचे वापरलेले फ्रॉक घातले, तिची पुस्तकं वापरली, तिची सायकल चालवली. नवरा तरी मला कोरा बघा."

रफिकभाई इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसू लागले. नुसते हसून की आणखी कशाने, ते मला ठरवता आले नाही.

मला बरे वाटायला हवे होते. वाटले नाही. नकार द्यावा लागेल इतका तो विषय तिच्यापर्यंत पोचला होता, आणि तिने तो इतक्या सहज टोलवला की मावशीही हसली असेल. मग मी पुढचा हिशेब केला. मी नसेन. तिला काही मिळालेले नसेल. तरीही ती बाबांचे करील, धनंजयना डबा पाठवील, माझ्या वर्षश्राद्धाला उभी राहील. लोक म्हणतील, बहिणीने दमडी ठेवली नाही, तरी पोरीचं मन बघा. कौतुक पुन्हा तिचेच. आणि मी उत्तर द्यायला नसेन.

मी तिच्या हातून पेन काढून घेतले. तिला काहीतरी दिलेच पाहिजे होते.

८. काय द्यावे हे ठरवताना मी मालाला लावते तोच निकष लावला. वस्तू ज्याला नीट वापरता येते त्याच्याकडे जावी. खिडकीतून समोरची पाण्याची टाकी दिसत होती. मी ड्रॉवरमधून माझा रेंजफाइंडर काढून तिला दिला. "अंतर सांग."

"अंदाजाने?"

"मोजून."

तिने कोपर खिडकीच्या कठड्याला टेकवून वाचन घेतले, पुन्हा घेतले, पुन्हा घेतले. मधले तिने टाकून दिले. "हे कुंपणाच्या तारेवरचं आलंय," ती म्हणाली. मी तिला हे एकदाच सांगितले होते, पहिल्या आठवड्यात.

म्हणून माझा रेंजफाइंडर, त्याची चामडी पिशवी आणि मूळ कार्ड स्वप्नालीला द्यावे. तो मीटरवर लावलेला आहे, यार्डवर नेऊ नये. काच रुमालाने पुसू नये. मी मुंबईहून परत आले तर तो माझ्याच ड्रॉवरमध्ये राहील आणि तिने मागू नये.

तिला मिळत असल्यामुळे ती आता साक्षीदार नाही. कलम १ ची अटही मी काढली आहे. अट काढली आहे. इच्छा काढलेली नाही. धनंजय यांनी हे वाचून घ्यावे.

रफिकभाई आणि जैनब यांना यात काहीही नाही, हे त्यांना माहीत आहे. व्यवस्था पाहण्याचे काम धनंजय यांनी करावे. वरील सर्व मी लिहिले, पुन्हा वाचले आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर केली.

स्थळ: हमरिया फ्री झोन, शारजा
दिनांक: १४ नोव्हेंबर २००२

समिधा धनंजय केळुसकर

साक्षीदार
१. रफिक इस्माईल मुकादम
२. जैनब अब्दुल रहमान काझी

नोंद: सह्या होताना स्वप्नाली रामेश्वर तेंडोलकर खोलीत हजर होती. तिची सही नाही. एसीच्या वाऱ्याने कागद उडत होता, तो तिने दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.