निरोप समारंभ झालेला माणूस

शनिवार, २ जून
आज सेवा क्लबच्या बैठकीत आयुष्य बदललं. एरवी मी मागच्या रांगेत पंख्याखाली बसतो आणि भाषण संपलं की बिस्किटांकडे वळतो. आज परदेशात स्वयंसेवा करून आलेल्या एक डॉक्टरबाई बोलल्या. पडद्यावर लाल माती, तंबूतला दवाखाना, हसणारी मुलं. "कोणाला यावंसं वाटतंय का?" असं त्यांनी विचारलं आणि माझा हात वर गेला. तसा मी आखडलेला खांदा ताणत होतो, पण अंतरात्म्याची हाक अशीच येत असावी. नवे अध्यक्ष माइकवरून म्हणाले, आपल्यातले एक जण निघाले बरं का! टाळ्या. टाळ्या थांबेपर्यंत मी मनाने पोचलोसुद्धा.
उद्यापासून: पहाटे उठणे. व्यायाम. भाषा शिकणे. कोणती, ते देश ठरल्यावर.

रविवार, ३ जून
उठायला उशीर झाला. पण तिकडे त्या वेळी पहाटच असणार.
बायकोला निर्णय सांगितला. ती म्हणाली, जा, पण आधी बाथरूमचा गळका नळ बघा. जग तहानलंय आणि हिला नळ दिसतोय. नळ बघितला. नुसता बघितला.

बुधवार, ६ जून
शोरूममध्ये जीव रमत नाही. दिवसभर लोकांना फरशा दाखवायच्या! एक बाई दोन पांढऱ्या फरशांमधली जास्त पांढरी कोणती, हेच विचारत बसल्या. मी म्हटलं, जगात कित्येकांकडे बाथरूमच नाही. बाई काही न घेता गेल्या. मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. मी बाणेदारपणे सांगून टाकलं की मी परदेशी सेवेला चाललोय. ते इतके खूश झाले की मलाच जरा लागलं. म्हणाले, अगदी आजपासून रजा घ्या.

शुक्रवार, ८ जून
डॉक्टरबाईंना फोन केला. त्यांनी विचारलं, तुम्हाला काय येतं? म्हटलं, काहीही करीन. त्या म्हणाल्या, ते कळलं, पण येतं काय? फरशीचं माप घेता येतं म्हणालो. पलीकडून खोल उसासा ऐकू आला. भारावल्या असाव्यात. मग म्हणाल्या, आधी तुमच्याच भागातल्या वृद्धाश्रमात जाऊन बघा, जमतंय का. जमतंय का! उद्याच जातो.

सोमवार, ११ जून
उद्या जातो.

मंगळवार, १२ जून
गेलो. एका निवृत्त मुख्याध्यापकांना पेपर वाचून दाखवला, शिवाय प्रत्येक बातमीवर माझं मत. आजोबांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं. मनन करायचं असेल.

गुरुवार, १४ जून
एका आजींना व्हीलचेअरवरून बागेत न्यायचं होतं. वाटेत क्लबच्या सेक्रेटरींचा फोन आला. माझा निरोप समारंभ ठरतोय! अशा बातम्या चालता चालता ऐकायच्या नसतात, म्हणून बाहेर गेलो. परत आलो तेव्हा आजी भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या आणि माझ्या आईवडिलांबद्दल काहीतरी बोलत होत्या. सिस्टर म्हणाल्या, तुम्ही फार मोठ्या कामासाठी जन्मलात, इथे नका येत जाऊ. पहिल्याच आठवड्यात ओळखलं!

शनिवार, १६ जून
निरोप समारंभ. मच्छरदाणी, टॉर्च आणि भलीमोठी पाठपिशवी मिळाली. अध्यक्षांचे डोळे पाणावले. मी नम्रतेवर बोललो. शेवटी सेक्रेटरींनी घड्याळ दाखवलं म्हणून थांबलो.

सोमवार, १८ जून
डॉक्टरबाईंचा फोन. सिस्टरशी बोलल्या म्हणे. यंदा नको, म्हणाल्या. पुढच्या वर्षीचं विचारलं, तर म्हणाल्या, घाई कशाला.
बायको म्हणाली, क्लबमध्ये सांगून मोकळे व्हा. सांगणारच आहे. पण अध्यक्षांचे पाणावलेले डोळे आठवतात. ती म्हणाली, कोणी दारात आलं तर मी खोटं बोलणार नाही. शेवटी मीच ताईकडे, शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचं ठरवलं. पाठपिशवी कामी आली.

शुक्रवार, २२ जून
क्लबच्या ग्रुपवर मेसेज टाकला: "इथे ऊन फार, पण माणसं प्रेमळ." ताईच्या गॅलरीत खरंच ऊन फार आहे. तेवीस जणांनी हात जोडले. फोटो मागितले. नेटवर्क नाही म्हणालो.

बुधवार, २७ जून
चैन पडत नाही. या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या. खिडकीत उभं राहता येत नाही, कोणी बघेल. ताई म्हणते, फेऱ्याच मारायच्या तर हातात झाडू घे. स्थानिक लोक कामाला फार लावतात. दुपारी बायकोला फोन करायला तीनदा उचलला, तीनदा ठेवला. सांगून टाकावं सगळ्यांना. उद्या.

शनिवार, ३० जून
सकाळी बेल वाजली. ताई आंघोळीला. दार उघडलं तर समोर अध्यक्ष! क्लबतर्फे जुने कपडे गोळा करत होते. माझ्या हातात ओलं फडकं. पळायला जागा नाही. आणि खरं सांगतो, एकदम सुटल्यासारखं वाटलं. म्हटलं, साहेब, सगळं सांगतो. ते म्हणाले, सांगायचं काय त्यात, जे असेल ते द्या, फक्त धुतलेलं असू द्या.
दाढी वाढली होती हे खरं. पण एवढी नाही.
ताईचे जुने पडदे दिले. जिन्यात आणखी गाठोडी होती, अध्यक्षांना धाप लागलेली. लिफ्ट बंद. सगळी गाठोडी मीच खाली नेऊन गाडीत चढवली. त्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, अशी माणसं हवीत आम्हाला, क्लबमध्ये या ना एकदा. आमचे एक सदस्य तर घरदार सोडून परदेशात सेवेला गेलेत.
मी विचारलं, कोण हो?
ते म्हणाले, थांबा हं, नाव अगदी ओठावर आहे. आणि गाडीत बसले.
मी थांबलो. गाडी वळून दिसेनाशी झाली, तरी थांबलो होतो.