फुंकलेलं निरांजन

मंगळवार, कोलकाता

आज मी देवापुढचं निरांजन तोंडाने फुंकून विझवलं. दिवा फुंकायचा नसतो, फुलाने शांत करायचा, हे नातीला मीच शिकवलं होतं.

चिऊ शुभंकरोति म्हणत होती. इथेच वाढलेली, मराठी अडखळतं, तरी म्हणत होती. तेवढ्यात बेल वाजली. मुलाचे बँकेतले साहेब आणि त्यांची बायको. सातवी शिकलेला बाप देवापुढे पुटपुटताना दिसला तर मुलाला कमीपणा येईल, असं काहीतरी डोक्यात आलं. "पुरे" म्हणालो आणि फुंकर मारली. वर चिऊला पाहुण्यांपुढे उभं करून शाळेतली इंग्रजी प्रार्थना म्हणायला लावली. त्यातलं मला अक्षर कळत नाही.

साहेबांच्या बायकोला वातीचा वास आला. "काकाबाबू, दीया बुझ गया क्या? हमारे घर तो इस समय शंख बजता है।"

म्हणालो, हवा से गया. एसी चालू, खिडक्या बंद. त्यांनी बंद खिडकीकडे पाहिलं.

पाहुणे काही गोरे नव्हते. गोरे तर मी जन्मायच्या आधीच गेले. मग मी घाबरलो कुणाला?

ते गेल्यावर निरांजन पुन्हा लावलं. चिऊला म्हटलं, ये, राहिलेलं म्हणू. तिने हात जोडले, दोन ओळी म्हटल्या, मग गाल फुगवून फुंकर मारली.

"आता इंग्लिशवालं म्हणू ना, आजोबा?"